कॉम्प घ्यायचं का?

जुलै महिन्यात इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशाच्या (कॅप) फेरीचा ऑप्शन फॉर्म भरायला बसलेल्या घरांत एक विचित्र यादी मोठ्याने वाचली जाते. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग. कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग. इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी. आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड डेटा सायन्स. कॉम्प्युटर सायन्स अँड डिझाइन. कॉम्प्युटर सायन्स अँड बिझनेस सिस्टिम्स. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे ‘कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग (इंटरनेट ऑफ थिंग्ज अँड सायबर सिक्युरिटी इन्क्लुडिंग ब्लॉकचेन टेक्नॉलॉजी)’. हे एका शाखेचं नाव आहे, लग्नपत्रिकेतली निमंत्रकांची यादी नव्हे. वडील चष्मा वर करून विचारतात, “यात फरक काय?” मुलगी म्हणते, “कटऑफचा.”

मुलीचं बरोबर आहे. पहिलं वर्ष तर सगळ्यांचं सारखंच. दुसऱ्या वर्षी डिस्क्रीट मॅथ्स आणि डेटा स्ट्रक्चर्स, पुढे डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क्स हा कणा कुठल्याही पाटीखाली साधारण तोच राहतो. नावातला फरक तिसऱ्या-चौथ्या वर्षीच्या मोजक्या पेपरांत दिसतो. दुकान तेच, माल बराचसा तोच, पाटी मात्र दरवर्षी रंगवायची, असा हा प्रकार आहे.

पाटी रंगवण्याची घाई समजण्यासारखी आहे. एका शाखेत किती जागा असाव्यात यावरची कमाल मर्यादा एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या नियामक संस्थेने 2024-25 पासून चांगल्या कामगिरीच्या कॉलेजांसाठी काढून टाकली आणि कॉम्प्युटरच्या नावाखालच्या जागा वाढत गेल्या. नेमक्या याच काळात दुसरीकडून वेगळ्या बातम्या येत होत्या. गुगलमध्ये नव्याने लिहिल्या जाणाऱ्या कोडपैकी पाव हिश्श्याहून जास्त कोड आता यंत्र लिहितं आणि इंजिनिअर तो तपासून घेतात, असं सुंदर पिचाई यांनी ऑक्टोबर 2024 मध्ये सांगितलं. जुलै 2025 मध्ये टीसीएसने सुमारे 12 हजार लोकांना, म्हणजे आपल्या मनुष्यबळाच्या 2 टक्क्यांना, कमी करण्याचं जाहीर केलं. मोठ्या आयटी सेवा कंपन्यांत नवख्या पदवीधराला मिळणारा पगार दहा वर्षांहून अधिक काळ वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळतो आहे. हिंजवडीतलं घरभाडं तसं घुटमळलेलं नाही.

त्यामुळे घराघरांत एकाच वेळी दोन वाक्यं ऐकू येतात. एका काकांचं, “आयटीत आता काही राहिलं नाही.” दुसऱ्या काकांचं, “आता एआयलाच तर स्कोप आहे.” दोन्ही काकांची एक समजूत मात्र समान असते. संगणकशास्त्र म्हणजे कोड लिहिणं, आणि कोड लिहिणं म्हणजे एखादी ‘लँग्वेज’ येणं. म्हणून तर प्रवेशाच्या खिडकीवर हमखास विचारला जाणारा प्रश्न असतो, “तुमच्याकडे कुठली लँग्वेज शिकवतात?” टायपिंगच्या क्लासात “इंग्लिश की मराठी, 30 की 40?” असं विचारावं तसा.

लँग्वेजपुरतीच ही डिग्री असती, तर ती बंद पडली तरी हरकत नव्हती. यंत्राला आता सगळ्या लँग्वेजेस येतात.

डिग्रीची गरज नव्हती असा एक काळ होताही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1950 च्या दशकात टिफ्रॅक हा संगणक बांधायला घेतला गेला. 1960 मध्ये तो चालू झाला आणि 1962 मध्ये नेहरूंच्या हस्ते त्याचं नामकरण झालं. तो बांधणाऱ्यांकडे संगणकशास्त्राची भारतीय पदवी असणं शक्यच नव्हतं, कारण ती अस्तित्वातच नव्हती. त्या गटाचे प्रमुख आर. नरसिंहन यांची पीएचडी गणितातली. जगातही चित्र फार निराळं नव्हतं. केंब्रिजने 1953 मध्ये संगणकशास्त्राचा डिप्लोमा सुरू केला आणि अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाने 1962 मध्ये स्वतंत्र विभाग काढला. (आजही पिचाई स्वतः खरगपूर आयआयटीचे धातुशास्त्राचे इंजिनिअर आणि मायक्रोसॉफ्टचे सत्य नडेला मणिपालचे इलेक्ट्रिकलचे. “कॉम्प नाही मिळालं तर आयुष्य संपलं” असं म्हणणाऱ्या घरांनी ही दोन नावं फ्रिजवर चिकटवून ठेवायला हरकत नाही.) मग स्वतंत्र विषय म्हणून यात शिकण्यासारखं काय होतं? ते समजायला पर्ड्यूला जायची गरज नाही. एक मराठी शब्द पुरतो.

‘ज्ञानेश्वर’ या शब्दात अक्षरं किती? मराठी शाळेतलं पोर चार सांगेल: ज्ञा, ने, श्व, र. युनिकोडच्या हिशेबाने संगणक दहा सांगेल: ज, हलन्ताचं चिन्ह, ञ, काना, न, मात्रा, श, पुन्हा हलन्त, व आणि र. तोच शब्द युटीएफ-8 पद्धतीने साठवला तर त्याला 30 बाइट लागतात. चार, दहा आणि तीस, तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. प्रश्न कोण आणि कशासाठी विचारतंय त्यावर कुठलं घ्यायचं ते ठरतं. आता पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमधला ठरलेला प्रोग्राम घ्या, ‘दिलेला शब्द उलटा करा’. इंग्रजी शब्दावर तो झकास चालतो. ‘ज्ञानेश्वर’ दिला की ‘रश्वनेज्ञा’ मिळायला हवं, पण मिळतं ‘रव्शेनाञ्ज’. काना, मात्रा आणि हलन्त आपापल्या अक्षरांना सोडून शेजारच्याला जाऊन चिकटतात. प्रोग्राममध्ये व्याकरणाची एकही चूक नसते. ‘अक्षर’ म्हणजे काय, हे ठरवायचं राहून गेलेलं असतं.

मराठीत याहून अवघड जागा आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन निराळे शब्द. त्यांपैकी दुसऱ्यातला अर्धा र साठवण्याचे दोन मार्ग युनिकोडमध्ये चालतात. एकात ‘ऱ’ हे वेगळं अक्षर वापरायचं, दुसऱ्यात साध्या ‘र’पुढे हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकायचं. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ते वेगळे शब्द असतात. म्हणजे ‘सातबाऱ्याच्या उताऱ्यात’ हे शब्द एका कारकुनाने एका कीबोर्डवरून टाइप केले आणि दुसऱ्याने दुसऱ्या कीबोर्डवरून शोधले, तर नोंद समोर असूनही ‘सापडली नाही’ असं उत्तर येऊ शकतं. खिडकीपलीकडच्या शेतकऱ्याला ‘सिस्टिममध्ये नाही’ एवढंच ऐकू येतं. ही अडचण लँग्वेज बदलून सुटत नाही. माहिती कशी मांडली आहे, दोन गोष्टी ‘सारख्या’ कधी मानायच्या, शोधण्याआधी काय एकसारखं करून घ्यायचं, हे ठरवावं लागतं. संगणकशास्त्र म्हणतात ते याला.

त्यातल्या बऱ्याच कल्पना घरातल्याच आहेत. तव्यावरून उतरलेल्या पोळ्यांची चळत पाहा. शेवटी ठेवलेली पोळी सगळ्यांत वर असते आणि पहिल्यांदा तीच उचलली जाते. याला स्टॅक म्हणतात. लिहिताना चुकलं की ‘अनडू’ दाबल्यावर सगळ्यांत शेवटची कृती आधी मागे जाते, ती या चळतीमुळे. रेशनच्या दुकानात जो आधी उभा त्याचा नंबर आधी. हा क्यू, आणि प्रिंटरकडे पाठवलेली कामं अशीच रांगेत उभी राहतात. 2021 पासून एआयसीटीईने प्रादेशिक भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला मुभा दिली आणि पिंपरी-चिंचवडमध्ये कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचा मराठीतला वर्ग सुरू झाला. ‘मराठीतून कॉम्प्युटर’ म्हटल्यावर नाकं मुरडणाऱ्यांनी एवढंच करून पाहावं: स्टॅकची व्याख्या पाठ केलेल्या मुलाला पोळ्यांची चळत दाखवावी आणि पुन्हा विचारावं. (स्टॅकला ‘चळत’ म्हणायच्या ऐवजी कोणी ‘राशी-संरचना’ असं काही बनवलं, तर मात्र नाक मुरडायला पूर्ण मोकळीक आहे.)

आता यंत्राच्या कोडकडे. इथे एक जुनी गोष्ट सविस्तर सांगण्याजोगी आहे.

क्रमाने लावलेल्या यादीत एखादं नाव शोधायचं तर यादीच्या मधोमध बोट ठेवायचं, हवं ते नाव आधी येतं की नंतर ते पाहायचं आणि नको तो अर्धा भाग सोडून द्यायचा. शब्दकोशात शब्द शोधताना आपण अंदाजाने हेच करतो. याला बायनरी सर्च म्हणतात आणि दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात तो शिकवून होतो. जॉन बेंटली हे कार्नेगी मेलन विद्यापीठात अल्गोरिदम शिकवत. पहिल्याच तासाला ते नव्या पीएचडी विद्यार्थ्यांना हा एवढासा प्रोग्राम लिहायला सांगत, आणि बहुतेकांचा चुकलेला निघे. त्या वर्गात जोशुआ ब्लॉख नावाचा एक विद्यार्थी होता. पुढे जावा या लँग्वेजच्या ग्रंथालयातला बायनरी सर्च त्यानेच लिहिला. जगभरच्या लाखो प्रोग्रामांनी तो वापरला. 2006 मध्ये ब्लॉखनेच जाहीरपणे लिहिलं की त्या कोडमध्ये चूक होती आणि सुमारे नऊ वर्षं ती कोणाला दिसली नव्हती. इतकंच नव्हे, तीच चूक बेंटली यांच्या गाजलेल्या पुस्तकातल्या प्रोग्राममध्येही होती.

चूक एका ओळीत होती. मधली जागा काढायला सुरुवातीचा क्रमांक आणि शेवटचा क्रमांक यांची बेरीज करून दोनाने भागायचं. शाळकरी गणिताप्रमाणे यात काहीच वावगं नाही. पण जावामधला साधा पूर्णांक 2,147,483,647 च्या पुढे मोजू शकत नाही. बेरीज त्यापुढे गेली की ती उलटून ऋण होते आणि प्रोग्राम यादीच्या बाहेर हात घालतो. यादीत सुमारे 107 कोटींहून अधिक नोंदी असतील तरच हे घडतं. 1990 च्या दशकात एवढी यादी कोणाच्या स्वप्नातही नव्हती, म्हणून कोणाला कळलं नाही. 2024 च्या लोकसभा निवडणुकीतल्या मतदारयाद्या एकत्र केल्या तर सुमारे 97 कोटी नावं भरतात. म्हणजे ही चूक आपल्या उंबरठ्यापर्यंत आलीच होती. उपाय सोपा होता: दोन क्रमांकांची बेरीज न करता, त्यांच्यातल्या अंतराची निम्मी रक्कम सुरुवातीच्या क्रमांकात मिळवायची.

हे आज का आठवायचं? विद्यार्थ्याने चॅटजीपीटीला सांगितलं की बायनरी सर्च दहा सेकंदांत मिळतो, आणि बहुधा बरोबरच मिळतो, कारण ब्लॉखचा लेख त्यानेही वाचलेला असतो. अडचण जिथे लेख उपलब्ध नाही तिथे आहे. पूर्णांक अनंत नसतो, यंत्रातली जागा मोजकी असते, हे ज्याने कागदावर दोन-तीनदा चुकून शिकून घेतलंय त्याची नजर त्या एका ओळीवर अडखळते. ज्याने शिकलेलं नाही तो ‘चाललं की!’ म्हणून पुढे जातो. यंत्रं चुका शोधतातही, आणि चांगल्या शोधतात. पण ‘दऱ्या’चे दोन प्रकार एकच मानायचे की वेगळे, हे आधी माणसाने ठरवलेलं नसेल तर त्याला चूक तरी कशाच्या आधारे म्हणायचं?

19 जुलै 2024 च्या शुक्रवारी देशातल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले, ते पुष्कळांना आठवत असेल. त्यांचे फोटो हौसेने फिरले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटमुळे जगभरचे सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पडले होते. कंपनीने नंतर कारण दिलं. एका ठिकाणी 21 रकाने अपेक्षित होते आणि पुरवले गेले 20. एकविसावा वाचायला गेलेला प्रोग्राम स्वतःच्या हद्दीबाहेरच्या जागेत शिरला. अ‍ॅरेच्या हद्दीबाहेर जाऊ नये, हे पहिल्या सेमिस्टरच्या नोट्समध्ये लिहिलेलं असतं. नोट्समध्ये असणं आणि हातात मुरणं, यांतलं अंतर त्या दिवशी विमानतळावर बसलेल्यांनी तासांत मोजलं.

मुलं ज्याला सगळ्यांत जास्त शिव्या घालतात तो विषय टीओसी, थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन. “याचा जॉबला उपयोग काय?” हा प्रश्न दर सेमिस्टरला उठतो. त्यातलं एक प्रमेय अ‍ॅलन ट्युरिंगने 1936 मध्ये, आजच्यासारखा संगणक बनण्याच्या आधी, सिद्ध केलं. कुठलाही प्रोग्राम दिला तर तो कधीतरी थांबेल की अनंत काळ फिरत राहील, हे अचूक सांगणारा सर्वसाधारण प्रोग्राम लिहिताच येत नाही. पुरेसा वेगवान संगणक नाही म्हणून नव्हे, मुळात तसा प्रोग्राम असूच शकत नाही म्हणून. ‘आमचं एआय तुमच्या कोडमधल्या सगळ्या चुका शोधून देतं’ असं सांगणाऱ्या विक्रेत्याला कुठे थांबवायचं, हे ज्याला टीओसी कळलं त्याला समजतं. उपयोग तो हा.

आणि पदवीच्या वयात या विषयात काय होऊ शकतं, याचं भारतातलं उदाहरण मोठं सुंदर आहे. कानपूर आयआयटीत नीरज कयाल आणि नितीन सक्सेना हे दोन विद्यार्थी बीटेकच्या प्रोजेक्टसाठी मणींद्र अग्रवाल यांच्याकडे एका प्रश्नावर काम करत होते. दिलेली संख्या मूळ आहे की नाही, हे झटपट, नशिबावर न सोडता आणि कुठलंही न सिद्ध झालेलं गृहीतक न वापरता ठरवता येईल का? गणितज्ञ पिढ्यान्‌पिढ्या या प्रश्नामागे होते. 2002 मध्ये दोघे बीटेक झाले आणि त्याच ऑगस्टमध्ये तिघांनी उत्तर जाहीर केलं: येतं. त्या पद्धतीच्या मुळाशी अकरावीतल्या द्विपद प्रमेयाचा जवळचा नातेवाईक आहे. लेख छोटा होता, वापरलेली हत्यारं साधी होती. जगभरच्या तज्ज्ञांनी काही दिवसांत तो तपासला आणि मान्य केला. 2006 मध्ये त्याला गोडेल पारितोषिक मिळालं. हे काम करायला ना महागडा संगणक लागला ना नवी लँग्वेज. लागला तो फळा, कागद आणि विद्यार्थ्याला खऱ्या प्रश्नाशेजारी बसवणारा एक शिक्षक.

“ठीक आहे, पण ते कानपूर,” असं कोणी म्हणेल. मग पुण्यातलं पाहू. कैलास काटकर सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. दहावीनंतर शिक्षण सोडून ते कॅल्क्युलेटर दुरुस्त करायला लागले, पुढे संगणक दुरुस्तीचं दुकान टाकलं. धाकटा भाऊ संजय मॉडर्न कॉलेजात संगणकशास्त्र शिकत होता. दुरुस्तीला येणारे संगणक व्हायरसने आजारी असत. 1990 च्या दशकाच्या मध्यावर संजय यांनी त्यावरचा उतारा लिहिला, तेच पुढे क्विक हील. कंपनी 2016 मध्ये शेअर बाजारात आली. ही गोष्ट ‘डिग्री नसली तरी चालतं’ याचा दाखला म्हणून भाषणांत सांगितली जाते. तेव्हा निम्मीच सांगितली जाते. गिऱ्हाईक ओळखणारा, दुकान चालवणारा भाऊ दहावी होता. व्हायरस कसा चिकटतो हे उलगडणारा भाऊ संगणकशास्त्राच्या वर्गात बसत होता. दोघांपैकी एक काढला तर गोष्टच उरत नाही.

नेहा नारखेडे यांचं उदाहरण आणखी बोलकं. पुण्यात इंजिनिअरिंग करून त्या अमेरिकेला गेल्या. लिंक्डइनमध्ये जे क्रेप्स आणि जुन राव यांच्याबरोबर त्यांनी काफ्का ही प्रणाली उभी केली. 2011 मध्ये ती सर्वांना खुली झाली, 2014 मध्ये तिघांनी कॉन्फ्लुएंट कंपनी काढली आणि 2021 मध्ये ती नॅसडॅकवर आली. काफ्काच्या पोटात आहे काय? पेढीवरच्या मुनिमाला एका मिनिटात समजेल. व्यवहार झाला की तो झाला त्या क्रमाने किर्दीत लिहायचा, मागचं खोडायचं नाही, पुढे लिहीत जायचं. कोणाच्या नावावर किती, हे खतावणीत काढता येतं, आणि खतावणी हरवली तरी किर्दीवरून पुन्हा मांडता येते. बहुतेक डेटाबेस लोकांना खतावणी दाखवतात. या तिघांनी किर्द मध्यभागी आणली आणि ती एका यंत्राऐवजी अनेक यंत्रांवर, सेकंदाला लाखो नोंदी पेलेल अशी पसरली. कल्पना सावकारी पेढीइतकी जुनी. ती अनेक यंत्रांवर पसरताना क्रम कसा टिकवायचा आणि एक यंत्र मधेच मेलं तर काय करायचं, हे मात्र ऑपरेटिंग सिस्टिम आणि नेटवर्क्सच्या पेपरांतलं आहे. त्या पेपरांची ‘अपेक्षित प्रश्नसंच’ वाचून बोळवण करणाऱ्याला ते सुचणार नाही.

बोळवण होते, ही खरी रड आहे. राज्यातल्या अनेक कॉलेजांत काल-परवापर्यंत प्रॅक्टिकल टर्बो सी प्लस प्लसच्या निळ्या पडद्यावर होत असत. ते सॉफ्टवेअर 1990 च्या आसपासचं, म्हणजे शिकणाऱ्यांपेक्षा वयाने मोठं. आजच्या विंडोजवर ते चालत नाही, म्हणून जुन्या डॉसचं सोंग आणणारं दुसरं सॉफ्टवेअर टाकून ते चालवायचं. प्रोग्राम कोणी तरी एकजण लिहितो, बाकीचे उतरवतात, आउटपुटची प्रिंट जर्नलला चिकटते, सही होते, सबमिशन होतं. ओरलला बाहेरून आलेले परीक्षक “डेफिनेशन सांगा” म्हणतात. आता जर्नलमधला कोड चॅटजीपीटी लिहून देतो म्हणून प्राध्यापक हळहळतात. पण शेजारच्या रोल नंबरवरून उतरवण्याचं काम यंत्राने फक्त जलद केलं. नक्कल ही पद्धतीत आधीच बसवलेली होती.

दोष प्राध्यापकांच्या माथी मारून मोकळं होता येणार नाही. एखाद्या जुन्या सायन्स कॉलेजात जाऊन पाहा. त्याच इमारतीत पदार्थविज्ञानाचा विभाग अनुदानित असतो आणि बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स किंवा बीसीए बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित. म्हणजे ज्या विषयाला सर्वांत जास्त गर्दी, तोच विषय फीच्या पैशांवर चालतो. शिकवणारे पुष्कळसे तासिका तत्त्वावर. तासांप्रमाणे पैसे, सुट्टीत शून्य, पुढच्या वर्षी नेमणूक होईल की नाही याची खात्री नाही. ज्याला ऑपरेटिंग सिस्टिम खरोखर येते तो या अटींवर वर्गात का थांबेल? तो तीन वर्षांत हिंजवडी गाठतो आणि त्याच्या जागी नुकतीच एमएस्सी झालेली मुलगी येते, जिला हा विषय अशाच एका तासिकावाल्याने शिकवलेला असतो. जागा वाढवायला परिपत्रक पुरतं. डेटा स्ट्रक्चर्स शिकवू शकणारा माणूस तयार व्हायला दहा वर्षं लागतात. हे गणित न करता जागा वाढवणं हा सरळ सरळ पालकांच्या खिशावर डल्ला आहे, मग तो नियमांत बसवलेला का असेना.

तरीही, कॉम्प घ्यायचं का?

ज्या मुलाला गणितातलं उत्तर आल्यावर ‘हे असंच का?’ असा प्रश्न पडतो, बंद पडलेल्या गोष्टीची उकल होईपर्यंत ज्याला चैन पडत नाही, त्याने जरूर घ्यावं. पगाराचे आकडे खाली-वर होतील. विषयात चाळीस वर्षं पुरेल एवढा दम आहे. ज्याला गणिताची भीती आहे आणि ‘कोडिंगमध्ये मॅथ्स नसतं’ असं कोणी तरी सांगितलंय, त्याला फसवलं गेलं आहे. पुणे विद्यापीठाच्या बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला संगणकाबरोबर गणित, संख्याशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स बसवलेलं होतं, ते उगाच नव्हे. आणि ज्याला यंत्रं, पूल, रसायनं किंवा माती आवडते त्याला केवळ कटऑफ बसतो म्हणून कॉम्पमध्ये ढकलणं हा त्याच्यावर अन्याय आहे. सिव्हिलच्या मुलाला पायथन सहा महिन्यांत येतं. कॉम्पच्या मुलाला जमिनीची धारणक्षमता सहा महिन्यांत येत नाही.

बीई की बीएस्सी, यावर घरात जे रणकंदन होतं ते निम्मं अनाठायी आहे. माळरानावर उभ्या केलेल्या, शिक्षक टिकत नसलेल्या कॉलेजातल्या बीईपेक्षा शहरातल्या जुन्या कॉलेजातली तीन-चार वर्षांची बीएस्सी, जिथे गणिताचा विभाग भक्कम आहे, अधिक शिकवून जाते. फीचा फरक तर विचारूच नका. नंदुरबार किंवा गडचिरोलीतल्या मुलीला जवळ धड कॉलेजच नसेल, तर मद्रास आयआयटीची 2020 पासून सुरू असलेली डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी जेईईविना, पात्रता परीक्षा देऊन करता येते. परीक्षा केंद्रावर जाऊन द्याव्या लागतात, म्हणजे नकलेला वावही कमी. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची डेटा स्ट्रक्चर्सची व्याख्यानं फुकट आहेत. शाखेच्या नावांपैकी निवडायचंच झालं तर सगळ्यांत साधं, बिनकंसाचं नाव निवडावं. कंसातली तंत्रं पाच वर्षांत बदलतात. 2018 च्या सुमारास ब्लॉकचेनवर माना डोलावणारे आज कुठल्या कंसात आहेत, ते त्यांचं त्यांनाच विचारावं.

सरकारसाठी मागणी एकच, पण ठाम आहे. नवी शाखा मंजूर करण्याआधी त्या कॉलेजातले डेटा स्ट्रक्चर्स, अल्गोरिदम आणि ऑपरेटिंग सिस्टिम शिकवणारे शिक्षक पूर्णवेळ आहेत की तासिकेवर, हे कॅपच्या संकेतस्थळावर कटऑफच्या शेजारी छापावं. तेवढ्याने अर्ध्या पाट्या आपोआप उतरतील.

तोवर पालकांनी आपलं काम करावं. प्लेसमेंटच्या फ्लेक्सवर सगळ्यांत मोठं पॅकेज कोणाला मिळालं ते पाहू नये. मधल्या मुलाला किती मिळालं ते विचारावं आणि उत्तर मिळालं नाही तर समजून जावं. ऑप्शन फॉर्म लॉक करण्याआधी एक दिवस मोडून त्या कॉलेजात जावं. प्राचार्यांच्या केबिनमध्ये नव्हे, कँटीनमध्ये बसावं आणि दुसऱ्या वर्षाच्या दोन-चार मुलांना चहा पाजून दोन गोष्टी विचाराव्यात: डेटा स्ट्रक्चर्स शिकवायला कोण आहे, आणि तास संपल्यावर संध्याकाळी लॅब उघडी असते का?